सत्काराची रोपं

समोर हिरवंगार झाड असलं तरी ते बरं आहे, यावर भाऊसाहेबांचा विश्वास बसत नसे. ते कुंडी आडवी करायचे, बुडाला दोन थापा मारायचे आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून त्याची मुळं बघायचे. बघून झालं की पुन्हा लावायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा काढायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. माझे वडील नोकरीत असताना वारले, म्हणून अनुकंपावर मला एका तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. पहिल्या दिवशी चौसाळ्याहून एसटीनं आले आणि हजर झाल्याचा अर्ज घेऊन अव्वल कारकुनांचं टेबल शोधलं. टेबलावर फायली होत्या, खुर्ची रिकामी होती.

"इकडं या," कपाटामागून आवाज आला.

फरशीवर जुना पेपर पसरून निवृत्तीला आलेला एक माणूस मांडी घालून बसला होता. पांढरा सदरा, दुमडलेल्या बाह्या, हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. कचेरीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, हे मला नंतर कळलं.

"अर्ज ठिवा टेबलावर. आन हे जरा धरा."

त्यांनी एक रबराचं झाड माझ्या दोन्ही हातांत दिलं. मुळं उघडी, ओली. ती डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एकेक मूळ बोटानं दाबून पाहिलं. एक काळं पडलेलं सापडलं, ते कात्रीनं कापलं. माझ्या नव्या ड्रेसवर चिखलाचे थेंब पडत होते.

"हलवू नका," ते म्हणाले. "घाबरलंय ते."

मी सरकारी नोकरीत रुजू झाले ती अशी.

ही झाडं कचेरीत आली कुठून, ते सांगायला हवं. अलीकडे सत्काराला हार-बुके बंद झालेत, त्याऐवजी रोप देतात. नवीन साहेब आले, द्या रोप. बदलून निघाले, द्या रोप. महिला दिन, निवृत्ती, बैठकीला आलेले पुढारी, सगळ्यांना रोपं. फोटो निघतो, टाळ्या होतात आणि रोप टेबलावर राहतं. साहेब गाडीत बसून जातात. पूर्वी ही रोपं आठ-दहा दिवस टेबलावरच वाळायची आणि मग शिपाईमावशी ती कागदांबरोबर टाकून द्यायच्या. भाऊसाहेबांनी ती उचलायला सुरुवात केली. मी गेले तेव्हा अभिलेख कक्षाच्या बाहेरच्या लांब खोलीत, खिडक्यांत, कपाटांवर, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनवर, जिथं जागा मिळेल तिथं झाडं होती. मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका, लकी बांबू. कुंड्या विकतच्या कमीच. रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, पाण्याचे फुटके जार मधोमध कापलेले.

झाडांची खरी नावं त्यांना माहीत होती, पण ते ती वापरत नसत. ज्या प्रसंगाला रोप आलं, तेच त्याचं नाव. "मावशी, महिला दिनाला पाणी घातलं का?" असं ते भर कचेरीत विचारायचे. "मागच्या साहेबांचा निरोप पिवळा पडायलाय, त्याला उन्हातनं काढा." दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघायची.

मातीतलं त्यांना फार कळायचं. आमच्या भागातली काळी माती कुंडीत चालत नाही. ओली असली की चिकट, वाळली की दगड, आणि मूळ दोन्हीकडून मरतं. ते वाळू आणायचे, कुजलेलं शेणखत आणायचे, कडुलिंबाची पेंड आणि विटांचा चुरा घालायचे, आणि परातीत कणीक मळावी तसं सगळं हातानं मळायचे. मग मूठ वळून माझ्यापुढं धरायचे. "बगा, मुठीत गोळा झाला पायजे, आन बोट लावलं की फुटला पायजे. ही खरी माती." नवीन कुंडी जुनीपेक्षा दोन बोटंच मोठी घ्यायची, हे मला त्यांनीच शिकवलं. लई मोठी घेतली तर पाणी मुरून राहतं आणि मुळं सडतात. मुळं कुंडीत गोल गोल फिरलेली असली तर ती हलक्या हातानं मोकळी करायची, ओढायची नाहीत.

एवढं सगळं येणाऱ्या माणसाची झाडं मात्र मरायची. कारण सगळ्यांना दिसत होतं. नव्या मातीत मूळ धरायला झाडाला महिना-दीड महिना लागतो, आणि भाऊसाहेबांना तेवढा धीर निघत नसे. मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा ते झाडं उपसायचे. शिपाईमावशी म्हणायच्या, "त्याला निजू द्या की वो भाऊसाहेब. तुमी सारखं उठवायलात."

"एकदाच बगतो," ते म्हणायचे.

झाड मेलं की त्या दिवशी ते डबा उघडत नसत. मेलेलं झाड नळाखाली धुऊन काढायचे, मुळं पेपरवर पसरायचे आणि चष्मा वर करून बघत बसायचे. काय शोधायचे कोण जाणे. बाकीचे लोक त्यांना माळीबुवा म्हणून हसायचे. मीही हसायचे, थोडी बाजूला तोंड करून.

दुसऱ्या महिन्यात मावशींनी मला सांगितलं. भाऊसाहेबांना एकच मुलगी होती. हुशार. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला ठेवली होती, वसतिगृहात. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले म्हणून दुसऱ्यांदा बसायची होती. रोज संध्याकाळी फोनवर म्हणायची, पप्पा, मी मजेत हाय. एका रविवारी भाऊसाहेब तिला भेटून आले. तिनं त्यांच्याबरोबर जेवण केलं, हसली, एसटीपर्यंत सोडायला आली. बुधवारी वसतिगृहातून फोन आला, की तिनं स्वतःला संपवलं. चिठ्ठी नव्हती. कोणाला काही बोलली नव्हती.

"तेराव्यानंतर कामावर आले," मावशी म्हणाल्या, "आन आल्या आल्या टेबलावरचं झाड उपटलं. आमाला वाटलं, रागानं उपटलं. तर बसले मुळं बगत."

त्यानंतर मी हसले नाही. पण त्यांच्यापाशी बसायचंही टाळायला लागले. माझी धाकटी बहीण त्याच वर्षी लातूरला होती. तीही डॉक्टर व्हायलाच गेली होती, तीही दुसऱ्यांदा बसणार होती. वडील गेल्यावर आमच्या घरात पुढं बघण्यासारखं तेवढं एकच होतं. आई वस्तीतल्या विहारात जाऊन तिच्यासाठी मेणबत्ती लावायची.

त्या पावसाळ्यात जिल्ह्याहून एक बडे पाहुणे आले. हॉलमध्ये खुर्च्या, बॅनर, माईक. आमच्या साहेबांनी पाहुण्यांच्या हातात पीस लिलीचं रोप दिलं, कागदात गुंडाळलेलं, पांढरं फूल आलेलं. फोटोवाला "सर, इकडं" म्हणत होता. भाऊसाहेब शेवटच्या रांगेतून उठले, सरळ पुढं गेले आणि पाहुण्यांच्या हातातून रोप घेतलं. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी कुंडी उलटी करून थाप मारली. माती पाहुण्यांच्या बुटांवर पडली. रोपाच्या बुडाला नर्सरीवाल्यांची प्लॅस्टिकची जाळी तशीच होती आणि तिच्यात मुळं आवळून काळी पडली होती.

"हे मेलेलं हाय साहेब," ते अगदी शांतपणे म्हणाले. "फूल हाय, पान हाय. पण हे मेलेलं हाय. महिन्यानं कळंल तुमाला."

दुसऱ्या दिवशी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. खुलासा त्यांनी हातानं लिहिला आणि टाइप करायला माझ्याकडं दिला. मला तो अजून पाठ आहे.

"उपरोक्त विषयी सविनय खुलासा सादर करतो की, सत्कारप्रसंगी मान्यवरांचे हातातील रोप मी घेतले ही बाब खरी आहे. सदर रोपाची पाने व फूल सुस्थितीत दिसत होते. तथापि मुळे जाळीत आवळून कुजलेली होती. ही बाब वरून पाहणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. यापूर्वी एकदा माझ्याही लक्षात आलेली नव्हती. सबब, यापुढे पाहिल्याशिवाय राहणे मला शक्य नाही. खुलासा मान्य व्हावा, ही विनंती."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, शेवटची दोन-तीन वाक्यं काढू का?"

"कावून? खुलासा मागितलाय ना त्यांनी?"

साहेबांनी तो वाचला, बराच वेळ हातात धरला आणि काही शेरा न मारता फायलीला लावून टाकला.

माझी बहीण लातूरला आहे, हे त्यांना मीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. त्याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला. रोज चारच्या चहाला ते माझ्या टेबलाशी यायचे.

"ताई, धाकटी कशी हाय?"

"मजेत आहे."

"तुमी बगितलं, का ती म्हणली?"

"म्हणाली फोनवर."

ते चहा तसाच ठेवून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला धास्ती वाटायची आणि धास्तीचा राग यायचा. वाटायचं, या माणसाच्या तोंडून सारखं सारखं निघून काहीतरी वाईट खरं होईल. मी एकदा सांगून टाकलं, "भाऊसाहेब, नका विचारत जाऊ." त्यांनी मान हलवली. त्याआधी वसतिगृह कोणतं, क्लास कुठला, हे सगळं त्यांनी विचारून घेतलेलं होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दिवशी भाऊसाहेब रजेवर होते. दुपारी लातूरहून वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा फोन आला. "तुमच्या बहिणीला भेटायला कोण पाठवलंय? काका म्हणून सांगतोय एक म्हातारा. हातात पिशवी, पिशवीत झाड. पोरगी त्याच्यापुढं रडत होती. बाहेर काढला तर गेटसमोर बसून राहिलाय. आम्ही पोलिसांना बोलावलंय."

मग फोनवर पोलीस आला. मागं गाड्यांचे आवाज येत होते. "मॅडम, हे गृहस्थ तुमचं नाव सांगायलेत. तुमचे कोण लागतात?"

सगळी कचेरी माझ्याकडं बघत होती. मला त्या क्षणी फक्त लाज वाटली. एक तरुण मुलगी, एक परका माणूस, पोलीस. बहिणीच्या नावाला काय काय चिकटेल, ते सगळं डोळ्यांपुढं आलं.

"माझे कोणी नाहीत," मी म्हणाले. "ऑफिसात आहेत. मी पाठवलेलं नाही."

त्यांना संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. एक शब्द मी चांगला बोलले असते तर पाच मिनिटांत सोडलं असतं. धाकटीला मी फोन केला तर ती म्हणाली, "काही नाही अक्का, ते काका उगाच आले. मी मजेत आहे." माझा संताप आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले. सदरा चुरगळलेला होता. मी त्यांना टेबलापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही.

"तुमची मुलगी गेली, भाऊसाहेब. माझी बहीण तुमची मुलगी नाही. तिला का उपसायला गेलात? झाडांचं काय केलंत ते दिसतंय सगळ्यांना. ती आपोआप मरत नाहीत. तुमच्या हातानं मरतात."

मावशी "ताई, ताई" करत होत्या. भाऊसाहेब उभेच होते. त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं, मग हात मागं घेतले, पाठीशी धरले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

त्या दिवसापासून त्यांनी एकाही झाडाला हात लावला नाही. पाणीसुद्धा घातलं नाही. मावशी आणि मी आठवड्यातून दोनदा घालायला लागलो, दुसरं काही केलं नाही. आणि झाडं सुधारली. हे लिहायला मला जड जातं, पण झालं ते असंच. दोन महिन्यांत रबराला तांबूस नवी पानं फुटली, मनी प्लांट कपाटावरून खाली उतरला. महिला दिनाला कधी नव्हे ते नवा कोंब आला. भाऊसाहेब येता-जाता बघायचे. दुसऱ्यांची पोरं बघावीत तसे, लांबून. एकदा माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा म्हणाले, "बरी दिसायलेत." त्यात टोमणा नव्हता. मी खरं बोलले, एवढंच त्यांना त्या झाडांनी सांगितलं होतं.

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. मला रोप देऊ नका, असं त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं. तरी दिलंच. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, फोटो होऊ दिला, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बायकोला घेऊन धर्मापुरीकडं आपल्या गावी निघून गेले.

त्याच्या आधीच, संक्रांतीच्या सुमाराला, धाकटी लातूर सोडून घरी आली होती. "मला जमत नाही," एवढंच म्हणाली. मी तिला नको नको ते बोलले. आई दोन दिवस जेवली नाही. मग हळूहळू सगळं शांत झालं आणि तिनं बीडला बीएस्सीला नाव घातलं. वर्ष गेलं. एका सकाळी आम्ही दोघी गच्चीवर गोधड्या वाळत घालत होतो आणि ती एकदम म्हणाली, "अक्का, ते काका कुठं असतात आता?"

"कोणते?"

"गेटवर आले होते ते."

गोधडीच्या पलीकडून ती बोलत राहिली, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. त्या आठवड्यात तिचं सगळं ठरलेलं होतं. कोणता दिवस, तेही. भाऊसाहेब आले आणि त्यांनी मार्क विचारले नाहीत, अभ्यास विचारला नाही. समोर उभे राहून एकच विचारलं, "बाळ, झोप लागती का तुला?" ती रडायला लागली. आणि तिनं सांगितलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे पुस्तकं. घरला जा. नापास झाले म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण आईजवळ जा." तेवढ्यात रेक्टरबाई आल्या. पण ठरलेला दिवस तिनं जाऊ दिला, आणि घरी सांगायचा धीर गोळा करायला तिला संक्रांत लागली. तो म्हातारा गेटसमोरून उठत का नव्हता, ते फक्त माझ्या बहिणीला माहीत होतं. तिला एकटीला सोडून जायची त्याची छाती होत नव्हती.

मी पुढच्याच रविवारी गेले. अंबाजोगाईहून जीप, मग धर्मापुरीच्या जुन्या देवळापासून पुढं पायी. भाऊसाहेब ओसरीत बाजेवर बसले होते. फार वाळले होते. काकूंनी पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी आधी माफी मागितली.

"खरंच बोललात तुमी," ते म्हणाले. "त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं."

मग मी धाकटीचं सांगितलं. सगळं, ती म्हणाली तसं. रस्ताभर मी हेच घोकत आले होते. वाटत होतं, या माणसाला द्यायला जगात एवढी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्याकडं आहे. मी म्हणाले, "भाऊसाहेब, ती आज आहे ती तुमच्यामुळं."

ते ऐकत होते. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "बोलली ती? इचारल्यावर लगेच?"

"हो. लगेच, म्हणते."

"किती येळ लागला?"

"दोन मिनिटंसुद्धा नाही."

ते अंगणाकडं बघत राहिले. तिकडंच बघत म्हणाले, "मंग माझी बी बोलली असती."

त्यांनी चष्मा काढून बाजेवर ठेवला.

"त्या रविवारी चार तास व्हतो मी तिच्यापाशी. मार्क इचारले. मेसचं इचारलं. पेपर कसा गेला, पुढचा कधी हाय, सगळं इचारलं. चार तास, ताई. दोन मिनिटाचं काम व्हतं."

काकू चौकटीपासून हलल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघून अगदी हळू बोलल्या, "इतकी वर्सं मी ह्यांना एकच सांगत आले, बाई. इचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. तेवढ्यावर जगत व्हते हे. तुमी कावून आलात?"

मी उठले. चप्पल पायात नीट जाईना. अंगणाच्या कडेला पोचले तेव्हा भाऊसाहेबांनी हाक मारली. ते बाजेवरून उठून ओसरीच्या काठापर्यंत आले होते.

"ताई, धाकटीला सांगू नका हां. मी असं म्हणलो ते."

मी सांगितलेलं नाही. ती अधूनमधून विचारते, काका काय म्हणाले तेव्हा. मी सांगते, लई खूश झाले.